नाव न घेता

उत्तरायणाच्या आदल्या संध्याकाळी माझ्या भाचीने एका कंपनीचे नाव घेतले आणि ते नाव तेव्हापासून माझ्या मनातून गेलेले नाही. ती मुंबईत एका इन्व्हेस्टमेंट बँकेत, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीच्या विभागात काम करते, आणि या वर्षीचा बोनस खात्यात जमा झाला की दुसऱ्या बँकेत जाण्याचा तिचा विचार आहे. जानेवारीत बडोद्याची माणसे जिथे असतील तिथून गच्चीवर पतंग उडवायला घरी येतात, तशी तीही आली होती; पण "मावशी, माझ्यासाठी वेळ काढून ठेव, माझी मुलाखत घे आणि अगदी खरी घे," असे तिने मुंबईहून निघतानाच बजावले होते. म्हणून दांडिया बाजारात बहिणीच्या घरी, माडीवरच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसलो. खाली रस्त्यावर दोरी रंगवणाऱ्यांची मोठी चाके फिरत होती, त्यांच्या गुलाबी रंगाचा ओलसर वास खिडकीतून वर येत होता, आणि समोरच्या गच्चीवरची मुले एक दिवस आधीच "काप्यो छे" (पतंग कापला) म्हणून ओरडत होती. मी तिची डील शीट, म्हणजे तिने आजवर केलेल्या व्यवहारांचे पान, हातात घेतली, पहिल्या ओळीवर बोट ठेवले आणि मुलाखतीत विचारतात तसे अहो-जाहो करून विचारले, "या व्यवहाराबद्दल सांगा." कागदावर तिने 'गोपनीय, औद्योगिक क्षेत्र' एवढेच छापले होते. तोंडाने मात्र पहिल्याच वाक्यात तिने कंपनीचे नाव सांगून टाकले.

मी पुढचा प्रश्न विचारला, कारण मुलाखत घेणारा तिथे थांबत नाही. पण माझे पेन वहीवर टेकलेले राहिले. ज्या कुटुंबाचा तो कारखाना आहे ते आमच्या ओळखीचे आहे. बडोद्यातल्या मराठी घरांचे जग तसे लहानच. गणपतीत, मुंजीत, लग्नाच्या पंगतीत तेच चेहरे पुन्हा पुन्हा भेटतात. मकरपुऱ्याच्या एका शेडमध्ये त्या घरातल्या थोरल्या पिढीने सुरू केलेला उद्योग आता विकायला निघाला आहे, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे काही कारणही नव्हते. (हे लिहिताना मी कारखान्याची जागा, त्याचा व्यवसाय आणि घरातली नाती यांतले बरेच काही बदलले आहे. ज्या गोष्टीबद्दल लिहायचे तिचीच पायमल्ली करून लिहिणे मला जमणार नाही.) भाची तोवर बरीच पुढे गेली होती. उलाढाल किती, किती खरेदीदारांशी बोलणी झाली, कोणी किती देऊ केले, थोरल्या भावाची तयारी असताना धाकटा का अडून बसला होता, हे सगळे ती ओघाने सांगत होती. तिच्या आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता; या कामासाठी तिने रात्रीच्या रात्री जागून काढल्या होत्या.

ते सगळे मला ऐकायला नको होते.

बाकीची तयारी तिने चोख केली होती. घसारा (यंत्रे जुनी होतात तशी दरवर्षी खर्चात धरायची घट) १० रुपयांनी वाढला तर तिन्ही आर्थिक पत्रकांत काय बदल होतात, हा या व्यवसायातल्या मुलाखतींचा जुना प्रश्न मी विचारला, तेव्हा तिने चिक्कीचा तुकडा तोंडात असतानाच उत्तर दिले: कराचा दर २५ टक्के धरला तर नफा साडेसात रुपयांनी घटतो, कर वाचल्यामुळे रोकड अडीच रुपयांनी वाढते, यंत्रसामग्रीची किंमत १० रुपयांनी उतरते आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू साडेसात रुपयांनी खाली येऊन जुळतात. भविष्यातल्या रोकडीवरून आजचे मूल्य काढणे, कर्ज काढून केलेल्या खरेदीचे गणित, २०११ च्या टेकओव्हर (कंपनी ताब्यात घेण्याच्या) नियमांप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीतला वाटा २५ टक्क्यांवर पोहोचला की आणखी किमान २६ टक्क्यांसाठी द्यावी लागणारी खुली ऑफर, हे सारे तिला पाठ होते, आणि नुसते पाठ नव्हते, समजलेले होते. कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला एवढे आले की पुष्कळ झाले. पण एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाणाऱ्याच्या मुलाखतीत ही दहा-पंधरा मिनिटांची बाब असते. उरलेला सगळा वेळ त्या एका पानावर जातो, ज्यावर त्याने आजवर केलेले व्यवहार लिहिलेले असतात. त्यांतला कुठलाही उचलून समोरचा माणूस खणत जातो: किंमत कशी ठरली, बोलणी कुठे अडली, खरेदीदाराने कशावर आक्षेप घेतला, आणि या सगळ्यात तुमचे स्वतःचे काम नेमके कोणते होते. जाहीर झालेल्या व्यवहारांची नावे घ्यायला हरकत नसते. अडचण येते ती चालू असलेल्या आणि मोडलेल्या व्यवहारांची, आणि माणूस सर्वांत जास्त शिकलेला असतो तो बहुधा त्यांतूनच.

मुलाखत संपल्यावर मी तिला त्या नावाबद्दल विचारले. ती गोंधळली. "अगं, तू घरची आहेस म्हणून बोलले," हे तिचे पहिले उत्तर. थोड्या वेळाने दुसरे आले आणि ते जास्त प्रामाणिक होते: "नाव सांगितल्याशिवाय व्यवहाराला वजन कसं येणार, मावशी? 'एक औद्योगिक कंपनी' म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही नुसती प्रेझेंटेशनची पानं जुळवत बसली असेल." तिची भीती मला कळत होती. तीन वर्षांचे कष्ट एका पानावर आणायचे आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या कामासमोर फक्त 'गोपनीय' लिहायचे, हे त्या वयात अन्यायाचे वाटते. नोकरी मागायला गेलेला माणूस आपल्याजवळ आहे ते सगळे समोर मांडू पाहतो, आणि त्यात कोणते आपले, कोणते दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेले, हे पाहायचे राहून जाते.

मी स्वतः टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली आहे. भारतात मर्चंट बँकिंगची, म्हणजे इन्व्हेस्टमेंट बँकांच्या या व्यवसायाची, सुरुवात १९६७ साली ग्रिंडलेज बँकेने केली असे मानतात, मी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या कॉमर्स फॅकल्टीतून निघून मुंबईला गेले तोवर तो नरिमन पॉइंटवरच्या मोजक्या मजल्यांत मावणारा, एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचा व्यवसाय होता. पुढे २००६ मध्ये कोटक आणि गोल्डमन सॅक्स यांची भागीदारी संपली, २००७ मध्ये जेएम आणि मॉर्गन स्टॅन्ले यांनी आपापली वाट धरली, परदेशी बँकांनी स्वतःची दालने थाटली आणि माणसांची ये-जा एकदम वाढली. मग १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक कोसळली. तिचा आशियातला कारभार जपानच्या नोमुराने घेतला, पण धास्ती एकट्या त्या बँकेपुरती राहिली नाही. आपले टेबल उद्या असेल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते. त्या हिवाळ्यात मी ज्या मुलाखती घेतल्या त्यांतली एक अजून डोळ्यांसमोर आहे. समोर बसलेला माणूस माझ्याहून वयाने मोठा होता. बोलता बोलता त्याने लॅपटॉप उघडला आणि माझ्याकडे वळवला. पडद्यावर त्याच्या बँकेच्या ग्राहकांची यादी होती: कंपनी, मालक, मालकाचा खासगी फोन, मागच्या व्यवहारात मिळालेली फी, आणि शेवटच्या रकान्यात पुढच्या वर्षी कोण पैसे उभारणार आणि कोण काय विकणार याच्या नोंदी. "हे सगळं माझ्याबरोबर येईल," तो म्हणाला. त्याची बोटे टचपॅडवर थरथरत होती. मी त्याला लॅपटॉप मिटायला सांगितले. त्याला आम्ही घेतले नाही, आणि तो निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते. पण घराचे हप्ते आणि मुलांची शाळा यांच्या काळजीने त्याला तिथवर आणले होते, हेही मला त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. एरवी तो हुशार, मेहनती माणूस होता. त्याला घेतले असते तर आमच्याकडून जाताना आमची यादीही त्याने अशीच कोणासमोर तरी धरली असती, हा विचार मात्र त्या कीव येण्याच्या क्षणीही माझ्या मनातून हलला नाही.

कायदा या बाबतीत पुष्कळ काही सांगतो आणि पुष्कळ काही सोडूनही देतो. १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमामुळे एखाद्याला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे नोकरी सुटल्यावर प्रतिस्पर्धी बँकेत जायला तुम्हाला सहसा कोणी अडवू शकत नाही. तुमचे कौशल्य तुमचे असते. ते जुन्या बँकेच्या दारात उतरवून ठेवता येत नाही. गुप्ततेचे बंधन मात्र नोकरीबरोबर संपत नाही. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर गोष्ट आणखी गंभीर होते, कारण शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार भावावर परिणाम करू शकणारी अप्रकाशित माहिती ज्याच्याजवळ आहे तो प्रत्येक जण 'इनसायडर', म्हणजे आतल्या गोटातला, ठरतो, मग ती त्याला बोर्डाच्या बैठकीत मिळालेली असो की चहा पिताना. आमच्या ओळखीच्या त्या कुटुंबाची कंपनी नोंदलेली नाही, म्हणून त्या संध्याकाळी असे काही घडले नाही. पण भाचीने नाव घेतले तेव्हा हा भेद तिच्या मनात होता असे मला दिसले नाही, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटली.

माझे वडील बँक ऑफ बडोदात कारकून होते आणि बरीच वर्षे क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवण्याच्या, टेबलावर बसत. सयाजीराव महाराजांनी २० जुलै १९०८ रोजी मांडवीत सुरू केलेली बँक आपली आहे, असा भाव आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत तरी होता, कारण प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तिथे नोकरीला होते किंवा तिथे खाते तरी ठेवून होते. राष्ट्रीयीकरणानंतर १९७० चा जो कायदा आला त्यात गुप्ततेचे एक कलम आहे आणि बँकेत काम करणाऱ्या प्रत्येकाला रुजू होण्याआधी निष्ठेचे आणि गुप्ततेचे प्रतिज्ञापत्र सही करून द्यावे लागते. वडिलांनी ते कधी घरी बोलून दाखवले नाही. आम्हाला एवढेच ठाऊक होते की बँकेतले काही विचारले की ते पाण्याचा तांब्या उचलून ओसरीवर जात. ते गेले तेव्हा समाचाराला आलेल्या आमच्या शेजारच्या काकांनी मला एक जुनी गोष्ट सांगितली. एका वर्षी गणेशोत्सवात काकांनी मंडळाला मोठ्या रकमेचा चेक दिला होता आणि देणगीदारांच्या फळ्यावर त्यांचे नाव सर्वांत वर रंगवले होते. चेक वडिलांच्या टेबलावर आला तेव्हा काकांच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. वडिलांनी शिपायाच्या हाती दोन ओळींची चिठ्ठी पाठवली, काकांनी कुठून तरी उसने आणून दुपारच्या आत पैसे भरले, आणि चेक वटला. त्यानंतर दहाही दिवस वडील रोज संध्याकाळी आरतीला त्या फळ्याशेजारी उभे राहत होते, कमिटीतली माणसे त्यांच्यासमोर काकांची वाहवा करत होती, आणि वडील मान डोलावत होते. "तुझ्या आईलासुद्धा त्यांनी सांगितलं नव्हतं," काका म्हणाले, "मी नंतर मुद्दाम तिच्याशी बोलून पाहिलं होतं." ते सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते. मी तोवर कितीतरी कोटींचे व्यवहार पाहिले होते, पण माझ्या वडिलांचा आणि माझा व्यवसाय एकच आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले.

वासी उत्तरायणाच्या, म्हणजे उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, गच्चीवरची मंडळी उंधियू खाऊन सुस्तावली तेव्हा, आम्ही ती डील शीट पुन्हा पुढ्यात घेतली. नाव काढून टाकले की काम झाले, असे तिला वाटत होते. मी तिला तो व्यवहार नाव न घेता सांगायला लावले. "पश्चिम भारतातली, अमुक भाग बनवणारी, दोन भावांची कंपनी, उलाढाल इतके कोटी." मी तिला म्हटले की या वर्णनावरून या धंद्यातला कोणीही चहा संपायच्या आत नाव सांगेल, कारण तो भाग बनवणाऱ्या त्या आकाराच्या कंपन्या मोजक्याच आहेत आणि त्यांत दोन भावांची बहुधा एकच. मग एकेक गोष्ट बाजूला काढत गेलो. प्रदेश गेला. वस्तू गेली आणि तिच्या जागी नुसते 'औद्योगिक उत्पादन' आले. उलाढालीच्या नेमक्या आकड्याऐवजी एक ऐसपैस पट्टा आला. खरेदीदार किती होते हे राहिले. त्यांत परदेशी कोण आणि देशी कोण हे गेले. भावांमधला मतभेद तिला फार सोडवत नव्हता, कारण त्या व्यवहारातले खरे नाट्य त्यात होते, आणि कहाणी म्हणून तोच भाग सर्वांत रंगत असे. पण तो मतभेद त्या घराचा होता. तिच्या हाती तो लागला होता एवढ्यावरून तो तिचा होत नव्हता. शेवटी कागदाकडे बघत ती जरा चिडूनच म्हणाली, "मग माझ्याकडे उरलं काय, मावशी?"

हा प्रश्न तिने विचारला याचा मला आनंद झाला, कारण खरी तयारी तिथून सुरू झाली. मी तिला विचारले की त्या व्यवहारात असे कोणते काम होते, जे तू केले नसतेस तर कोणी केले नसते. ती बराच वेळ गप्प होती. मग हळूहळू येण्यांची, म्हणजे ग्राहकांकडून यायच्या पैशांची, हकिगत बाहेर आली. कंपनी विकताना किंमत ठरते ती खेळते भांडवल (रोजच्या धंद्यात फिरणारा पैसा, त्यात येणीही आली) नेहमीइतके राहील असे धरून. 'नेहमीइतके' म्हणजे किती याचा आकडा करारात लिहितात, बहुधा मागच्या १२ महिन्यांच्या सरासरीवरून, आणि व्यवहार पुरा होतो त्या दिवशी भांडवल त्याहून कमी भरले तर तेवढी रक्कम किमतीतून कापली जाते. त्या कंपनीच्या येण्यांत काही रकमा वर्षाहून जुन्या होत्या आणि त्या नेहमीच्या येण्यांतच मिसळलेल्या होत्या. हिशेब वरून पाहिला तर काही खटकत नव्हते. माझ्या भाचीने एकेक बिल उघडून, तारखा लावून, कोणते पैसे किती दिवसांपासून अडकले आहेत याचा तक्ता केला आणि वरिष्ठांना दाखवला. मालक म्हणत होते, "ते पैसे येतातच, उशिरा येतात एवढंच." पण करार झाल्यानंतर खरेदीदाराने ती येणी मोजायला नकार दिला असता तर भांडवल कमी भरून भुर्दंड विकणाऱ्यालाच पडला असता, आणि सुरुवातीपासून लपवले असा संशय आला असता तो वेगळाच. म्हणून त्यांनी ती येणी आधीच वेगळी काढून, खरेदीदारांना दिलेल्या माहितीत उघड लिहिली. तिने हे सांगितले तेव्हा तिच्या आवाजात पहिल्या संध्याकाळचा आवेश नव्हता. मध्येच थांबत, स्वतःला दुरुस्त करत ती बोलत होती, आणि ते फार चांगले होते. या हकिगतीत कंपनीचे नाव कुठेही लागले नाही.

नाव घेणे सोपे असते आणि त्याच्या आड आपले स्वतःचे काम काय होते हे न सांगताही निभावते. मोठ्या व्यवहाराच्या टीममध्ये दहा-बारा माणसे असतात आणि नंतर मुंबईभर तो प्रत्येकाच्या डील शीटवर दिसतो. मुलाखत घेणाऱ्या अनुभवी माणसाला हे ठाऊक असते, म्हणून तो नावावर फार वेळ घालवत नाही. काही जण मात्र मुद्दाम नाव काढून घेऊ पाहतात. त्यांतल्या काहींना उमेदवाराची पारख करायची असते आणि काहींना, वाईट वाटते पण लिहायला हवे, केवळ बाजारातली बातमी हवी असते. समोर बसलेल्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या मुलीला या दोघांतला फरक ओळखता येत नाही. तिने तो ओळखावा अशी अपेक्षाही करू नये. तिचे उत्तर दोघांसाठी एकच असले म्हणजे झाले.

रथसप्तमीच्या दोन दिवस आधी एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होते. तिळगूळ, ऊस, बोरे आणि वाण म्हणून स्टीलच्या वाट्या. माझ्या शेजारी येऊन बसल्या त्या नेमक्या त्याच घरातल्या थोरल्या वहिनी. अत्तराचा फाया हाताला लावता लावता त्या सांगू लागल्या की त्यांचा मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरच्या कारखान्यात आला आहे, सकाळी आठलाच मकरपुऱ्याला जातो, नवीन यंत्रे घ्यायची म्हणून कोटेशन मागवतो आहे. त्या फार आनंदात होत्या. मी त्यांच्याकडे बघून हसले, मुलाचे कौतुक केले आणि उसाचे करवे सोलत बसले. मुलाला माहीत असेल का? वहिनींना माहीत असून त्या माझ्यासमोर तोंड बंद ठेवत असतील का? विकायचे घाटत असताना धंदा जोमाने चालवत राहणे आवश्यकच असते, कामगारांना आणि ग्राहकांना सुगावा लागला तर सगळे विस्कटते, हे मी कितीतरी मालकांना स्वतः समजावले आहे. व्यवहार मोडला असण्याचीही शक्यता होती. तरीही त्या अर्ध्या तासात मला फार अवघडल्यासारखे झाले. मुंबईत काम करताना अशी कितीतरी गुपिते माझ्याजवळ होती, पण त्यांना चेहरे नव्हते, किंवा असले तरी ते माझ्या शेजारी बसून वाटीत तिळगूळ घालत नव्हते.

मी बोलले नाही. तो मुलगा परत येण्याआधी हे मला कळले असते आणि वहिनींनी त्याला बोलावू की नको असा सल्ला विचारला असता, तर मी काय केले असते, हा प्रश्न मी त्या रात्रीपासून स्वतःला घालते आहे. तेव्हाही बोलायला नको होते असे माझी इतक्या वर्षांची सवय सांगते. पण एका तरुण मुलाचे आयुष्य एका बाजूला असताना ती सवय मला निर्धास्त झोपू देत नाही, आणि तिने झोपू द्यावे असेही मला वाटत नाही. गुप्तता पाळण्यात कोणाचे तरी काहीतरी जात असते, हे ज्याला कधी टोचलेले नाही त्याच्याकडून ती फार दिवस पाळली जात नाही, असा माझा अनुभव आहे.

भाचीला मी हळदीकुंकवाची गोष्ट फोनवर सांगितली. ती खूप वेळ काही बोलली नाही, आणि मग तिने पहिल्यांदा त्या घरातल्या माणसांबद्दल विचारले.

नोकरी का सोडता, या प्रश्नाची तयारी आम्ही त्यानंतर केली. बँका बदलणाऱ्या माणसाला हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर देताना जुन्या साहेबाची, जुन्या टीमची उणीदुणी काढायचा मोह होतो. तिच्याही मनात काही साचलेले होते. कामाचे तास, श्रेय कोणाला मिळाले, बोनसचा आकडा. ते मी तिला एकदा मोकळेपणाने बोलू दिले. मग विचारले की यांतले कोणते कारण तू जिच्याकडे जाते आहेस त्या बँकेतही दोन वर्षांनी उद्भवणार नाही. त्या चाळणीतून एकच कारण खाली आले: तिला विकणाऱ्यांच्या बाजूने काम करायला आवडते, मध्यम आकाराच्या, घरच्या माणसांनी उभ्या केलेल्या कंपन्यांबरोबर, आणि तिच्या आत्ताच्या बँकेने तो आकार सोडायचे ठरवले आहे. हे खरे होते आणि कोणालाही न दुखावता सांगता येण्यासारखे होते. राजीनाम्यानंतरचे ९० दिवस, त्यांतले काही दिवस घरी बसवून ठेवले तर चालेल का, न मिळालेल्या शेअर्सचे काय, ही बोलणी ऑफर हातात आल्यावरची आहेत. त्यावर आम्ही फारसा वेळ घालवला नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला तिची पहिली खरी मुलाखत झाली. रात्री उशिरा तिचा फोन आला. मुलाखत घेणाऱ्याने तोच व्यवहार निवडला होता. थोडे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला की या प्रक्रियेत आम्हीही होतो असे दिसते, तेव्हा नाव सांगायला तुम्हाला हरकत नसावी. तिने सांगितले की नाव सांगता येणार नाही, पण कामाबद्दल हवे तेवढे विचारा. त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि मग येण्यांवर बराच वेळ प्रश्न विचारले. "त्याला राग आला, का बरं वाटलं, मला काहीच कळलं नाही," ती म्हणाली, "तुला काय वाटतं?" मला सांगता येत नव्हते आणि मी तसे तिला सांगितले. दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीचे बोलावणे आले, पण त्यावरूनही तिच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. येण्यांवरची तिची उत्तरे एवढ्यासाठी पुरेशी असतील.

ही फेरी मॉडेलिंगची, म्हणजे कंपनीची आर्थिक पत्रके आकड्यांतून उभी करण्याची आहे. एका कंपनीचा वार्षिक अहवाल आणि रिकामी एक्सेल शीट देतात, तीन तास मिळतात. तिच्या बँकेचा तयार साचा तिच्याजवळ आहे आणि सरावाला तो घेतला असता तर तिचे काम खूप हलके झाले असते. पण तिने तो आपणहून बाजूला ठेवला आणि शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीचा अहवाल उतरवून घेऊन कोऱ्या शीटवर सुरुवात केली. काल रात्रीपर्यंत नफा-तोटा आणि रोकडीचे पत्रक उभे राहिले होते. ताळेबंद मात्र तिसऱ्या वर्षात जुळत नाही आणि तिला वाटते की गडबड विलंबित कराच्या (पुढच्या वर्षांवर गेलेल्या कराच्या) ओळीत आहे. मला ती भाडेपट्ट्यांच्या देण्यांत असावी असे वाटते. आज ती ऑफिसमधून सुटली की आम्ही दोघी फोनवर तिसऱ्या वर्षापासून एकेक ओळ तपासत जाणार आहोत.